ट्रक परत आल्यानंतर मंडळीने काय करायचं

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की यंदाच्या पुरानंतर तुमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, रायगडातल्या एका गावाला दोन ट्रक सामान नेलं, पाणी ओसरलं, ट्रक परत आले, आता तीन महिने झालेत आणि फंडात साडेतीन लाख तसेच पडून आहेत. पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, निम्मे म्हणतात ख्रिसमसला ब्लँकेटं वाटू, निम्मे म्हणतात दोन घरं बांधून देऊ, आणि तुम्हाला दोन्ही पटत नाहीये पण तिसरं काय ते सुचत नाहीये. मी मुंबईतल्या मंडळ्यांच्या मदत समित्यांबरोबर तीसेक वर्षं काम करतोय, किल्लारीच्या भूकंपापासून, त्यामुळे जरा लांबच लिहितो.

तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. पहिल्या महिन्यात गावात सगळे असतात, सरकार असतं, कंपन्या असतात, गणेश मंडळं असतात, मशिदीच्या जमातीचे लोक असतात, आपण असतो. दिवाळी झाली की कोणी नसतं. आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो, कारण उधारीवाला दारात येतो, पोराची फी भरायची असते, पंचनाम्यात नाव नसतं, आणि विचारायला जायचं कुठे हे कळत नाही. माळीणवर दरड कोसळली ३० जुलै २०१४ ला, नवीन गाव लोकांच्या ताब्यात मिळालं २०१७ मधे, म्हणजे सरकारने मनावर घेतलेल्या, सगळ्या राज्याचं लक्ष असलेल्या एका छोट्या गावालासुद्धा नुसती घरं मिळायला पावणेतीन वर्षं लागली. लातूर-उस्मानाबादच्या भूकंपाचा पुनर्वसन कार्यक्रम १९९८ पर्यंत चालला. तर तीन वर्षं हा हिशोब धरा. तुमच्या साडेतीन लाखाला छत्तीस महिन्यांनी भागा, महिन्याला साधारण ९,७०० रुपये येतात. कमिटीसमोर हा आकडा ठेवा, दोन घरांचा विषय तिथेच बाजूला पडेल, कारण साडेतीन लाखात दोन घरं होतच नाहीत, अर्धी होतात, आणि अर्ध्या घरामुळे त्या कुटुंबाचं सरकारी अनुदान अडकायची भीती असते कारण कोणीतरी लिहून टाकतं की यांना संस्थेने घर दिलंय.

घर हे सरकारचं काम आहे, त्यासाठी सरकारकडे पैसा आहे, जमीन आहे. मंडळीकडे जे आहे ते सरकारकडे नाही. मंडळी दर रविवारी भरते, पुढच्या वर्षीही भरणार आहे, आणि तिच्यात नर्स आहे, शाळामास्तर आहे, रेल्वेतून रिटायर झालेला फिटर आहे, तहसीलचे फॉर्म डोळे मिटून भरणारा एखादा क्लार्क आहे. आपल्या मराठी मंडळ्यांमधे नर्स आणि शिक्षक किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे. सामान कोणीही नेईल, पण दर महिन्याला त्याच दारात तोच माणूस जाऊन बसणं हे फार कमी लोकांना जमतं, आणि आपल्याला ते जमू शकतं.

किल्लारीचं सांगतो कारण तिथे मी शिकलो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं, लोक दमून नुकते झोपलेले. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा बावीस वर्षांचा, मुंबईहून कपड्यांचा टेम्पो घेऊन गेलो होतो, आणि रस्त्याच्या कडेला चिखलात कपड्यांचे ढीग पडलेले बघितले, जुन्या साड्या, स्वेटर, पँटी, कोणी हात लावत नव्हतं, गुरं त्यावर बसलेली. आमच्या टेम्पोतलं गाठोडंही त्यातच गेलं. मुंबईत आम्ही चार रविवार ते कपडे गोळा केले होते. तेव्हापासून मी जुने कपडे घेत नाही, कोणी कितीही प्रेमाने दिले तरी.

पुढे दोन वर्षं जात राहिलो तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली, सरळ रस्ते, रांगेत घरं, पण लोक रात्री घरात झोपायला तयार नव्हते. पक्कं घर शेजारी उभं आणि माणूस पत्र्याच्या शेडमधे खाट टाकून, कारण डोक्यावर जड छप्पर नको. एक आजोबा मला म्हणाले, घर दिलंत बाबा, पण माझा शेजार कुठंय? नव्या प्लॉटवर शेजार बदलला होता, शेत लांब गेलं होतं. हे नकाशात कोणाला दिसलं नव्हतं. ज्या बायकांना गावात संवाद सहाय्यक म्हणून नेमलं होतं, घर कसं दुरुस्त करायचं आणि अनुदानाचा हप्ता कसा मिळतो ते घरोघरी सांगायला, त्यांनी जे काम केलं ते आम्हा बाहेरच्यांना जमलं नसतं. त्यामुळे तुमच्या गावात पहिलं माणूस शोधायचं ते बचत गटातल्या बायकांतलं शोधा, आशाताई असतील, अंगणवाडी सेविका असतील. सरपंचांना भेटायचंच, त्याशिवाय जाऊच नका, पण कोणाच्या घरात चूल बंद आहे ते आशाताईंना माहिती असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मी म्हणेन बारा ते पंधरा कुटुंबं घ्या, जास्त नको. ज्यांचं नाव कुठल्याच यादीत बसलं नाही अशी. भाड्याने राहणारे, कारण घराचं अनुदान मालकाला जातं. टपरीवाले, ज्यांच्याकडे दुकानाचं लायसन नाही म्हणून नुकसान धरलं गेलं नाही. एकट्या बायका. वाडीवरचे आदिवासी, ज्यांच्या नावावर सातबारा नाही. आणि हे सांगताना वाईट वाटतं पण सांगतो, आपल्या लोकांची यादी आधी करायचा मोह प्रत्येक मंडळीला होतो, आम्हालाही झाला होता. ती यादी करू नका. गावाने सांगितलेल्या गरजेच्या क्रमाने जा, त्यात आपलं कोणी आलं तर आलं.

या कुटुंबांचं पहिलं काम कागदांचं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी फुगली, कुर्ला, कलिना, बैलबाजार सगळं पाण्यात. आमच्या चर्चच्या हॉलमधे पहिले चार दिवस खिचडी झाली, ती सगळीकडेच झाली. पाचव्या दिवशी एक बाई आली, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक ओला लगदा. रेशनकार्ड, लाइट बिलं, मुलीची दहावीची मार्कशीट, सगळं एकाला एक चिकटलेलं. ती जेवण मागत नव्हती, विचारत होती हे सुटं करता येईल का. तेव्हा झोपडीच्या पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा लागायचा, आणि तिचा तो पुरावा म्हणजे त्या लगद्यातलं एक लाइट बिल. ते गेलं असतं तर उद्या बिल्डिंग झाल्यावर तिचं घर गेलं असतं. महिला मंडळाच्या दोघींनी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, पंखा लावला, ओला कागद ओढायचा नाही, कडेने हवा लागू द्यायची, सुटेल तेवढाच सोडवायचा, मग दोन कोऱ्या कागदांत ठेवून वरून कोमट इस्त्री. दोन दिवस लागले. बिलावरची तारीख वाचता आली. तिसऱ्या दिवशी हॉलबाहेर पिशव्या घेऊन चाळीसेक लोकांची रांग होती, आणि त्या दोघी, एक शिक्षिका आणि एक नर्सबाई, जवळपास महिनाभर तेच करत होत्या. माझ्या आयुष्यात बघितलेलं सगळ्यात उपयोगी मदतकार्य ते होतं आणि त्याला खर्च झाला इस्त्रीच्या विजेचा.

तुमच्या गावात तीन महिने झालेत म्हणजे वाळवायची वेळ गेली, आता डुप्लिकेट काढायची वेळ आहे. प्रत्येक कुटुंबाची एक फाइल करा, साधी प्लॅस्टिकची. आधार बँक खात्याला जोडलंय का बघा, कारण अनुदान थेट खात्यात येतं आणि खातं जोडलेलं नसलं की मंजूर पैसा अडकतो. पंचनाम्याची प्रत तलाठ्याकडून मागा आणि त्यातलं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच आहे का ते अक्षर न अक्षर तपासा, एका वेलांटीवरून वर्ष जातं. घरातलं कोणी गेलं असेल तर वारस नोंद. आणि गेलेल्या माणसाचं पासबुक मागून प्रत्येक पान बघा, वर्षाला २० रुपये कापलेले दिसले तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख, पुरात वाहून जाणं त्यात धरलं जातं. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती, त्याचेही दोन लाख. खातं उघडताना बँकेने सही घेतलेली असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो. असे क्लेम मुदतीत बँकेत द्यावे लागतात म्हणून हे पहिल्याच फेरीत करा, आधीच उशीर झालाय पण तरी अर्ज द्या.

मृतदेहच मिळाला नसेल तर प्रश्न फार अवघड होतो. इर्शाळवाडीत जुलै २०२३ मधे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले, त्या घरच्यांचा विचार करा. कायद्याने बेपत्ता माणूस मृत मानायला सात वर्षं लागतात, अशा आपत्तीत सरकार वेगळा आदेश काढू शकतं, तो निघाला का यासाठी तहसीलला कोणीतरी चिकाटीने जात राहावं लागतं. मुलगा गमावलेल्या बाईने एकटीने त्या खिडकीसमोर उभं राहू नये. आपला रिटायर्ड क्लार्क तिच्याबरोबर उभा राहिला तर त्याला मी सेवा म्हणतो.

दुसरं काम कमाईचं. इथे आपली एक चूक सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं, लॉकडाऊन चालू, पावसाळा तोंडावर, कौलं उडालेली. आम्ही धावपळ करून पत्रे पाठवले, पण ते बसवायचे हुक आणि वायसर पाठवलेच नाहीत. हुकाशिवाय पत्रा म्हणजे नुसता पत्रा, तो बसवायचा कसा, आणि तिथे हार्डवेअरच्या दुकानात ते शिल्लक नव्हते. पंधरा दिवस लोकांनी पत्र्यांवर दगड ठेवून काढले. शेवटी परळच्या आमच्या एका फॅब्रिकेटरने स्वतःचं ड्रिल आणि हुकाची दोन पोती घेऊन जाऊन आठवडाभर राहून पत्रे बसवून दिले, गावातल्या दोन पोरांना हाताशी घेतलं, आणि ती पोरं नंतर आसपासच्या गावांत तेच काम करून पैसे कमवायला लागली. ते आम्ही ठरवून केलं नव्हतं, पण तेव्हापासून ठरवून करतो. जो कारागीर नेतो त्याने गावातली दोन पोरं शिकवूनच परत यायचं.

तिथल्या सुपारीच्या वाड्यांचं नुकसान मात्र आम्हाला भरून काढता आलं नाही. सुपारीचं झाड धरायला पाच-सहा वर्षं लागतात, नारळाला त्याहून जास्त. मदत जाहीर झाली ती हेक्टरी आणि वाड्या गुंठ्यात, हातात येणार किती. लोकांनी ओरड केल्यावर पुढे झाडामागे मदत द्यायचा निर्णय झाला. एक आजी होत्या, पडलेली झाडं मोजत चालायच्या, खोडाला हात लावून, आणि प्रत्येकाचं सांगायच्या हे मुलाच्या बारशाला लावलेलं, हे सासऱ्यांनी लावलेलं. तिथे पाच वर्षांचा खड्डा आहे उत्पन्नाचा. मंडळी तो भरू शकत नाही पण मधल्या काळासाठी काहीतरी उभं करू शकते, रोपं, मसाल्याची आंतरपिकं, शेळ्या, शिलाई मशीन, मासे विकणाऱ्या बाईला बर्फाची पेटी. काय ते बाईलाच विचारा. आणि एक बघा, मायक्रोफायनान्सचा हप्ता थकलाय का. बऱ्याच घरांत खरी भीती तीच असते, त्याची मुदत वाढवून घ्यायला बँकेत बरोबर जाणं हे दहा हजारांच्या किटपेक्षा जास्त कामाचं आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या मंडळ्यांमधे नेहमी दिलं जातं, पण नीट बघितलं जात नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. त्यांना आधी जेवू घातलं हे खरं, पण पुढे केडगावला मुक्ती या त्यांच्या आश्रमात त्या मुलींना विणकाम शिकवलं, शेती, गुरं, तेलाचा घाणा, छापखाना, खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. दुष्काळ संपला तेव्हा काम संपलं नाही. त्याच वेळी हेही विसरू नये की त्याआधी शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेवरून धर्मांतराचा मोठा वाद झाला होता, आणि तो संशय आजही आपल्यामागे आहे.

त्याबद्दल सरळ बोलतो. १९९४ ची रेडक्रॉस आणि मदत संस्थांची आचारसंहिता आहे, तिच्यात स्पष्ट आहे की मदत कुठलंही धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटायला वापरायची नाही. मी त्याच्या पुढे जाऊन सांगतो. सामानाच्या पिशवीवर क्रूस छापू नका. मदतीच्या रांगेसमोर प्रार्थना घेऊ नका. पत्रकं न्यायची नाहीत. कोणी स्वतःहून म्हणालं माझ्यासाठी प्रार्थना करा तर तिच्या घरात, तिच्या शब्दांत, हळू आवाजात करा. उपाशी माणसाला हो म्हणण्याशिवाय पर्याय नसतो, त्याच्यासमोर आपली श्रद्धा ठेवणं हा त्याचा अपमान आहे आणि मला वाटतं प्रभूचाही. गावातल्या देवळाच्या ट्रस्टला पहिल्या बैठकीला बोलवा, मशीद असेल तर त्यांनाही, हिशोबाचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आम्ही एका गावात असं केलं आणि दुसऱ्या वर्षी देवळाच्या सभामंडपातच आमचं आरोग्य शिबिर झालं.

पैशाचं थोडक्यात. पुरासाठी म्हणून गोळा केलेला पैसा पुरासाठीच, वेगळं खातं नाहीतर निदान वेगळी वही, छताच्या गळतीला त्यातला रुपया वळवू नका. कॅनडातला कोणी भाऊ पैसे पाठवतो म्हणाला तर आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक असेल आणि बँकेतून पाठवत असेल तर चालतं, परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय म्हणजे भारतीय वंशाचं कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठं काम करायचं असेल तर कासा ही चर्चांची मदत संस्था आहे, कॅथलिक मंडळींसाठी कारितास इंडिया आहे, त्यांच्याशी बोला, एकाच गावात चार मंडळ्यांनी चार वह्या घेऊन फिरू नये.

मनाच्या जखमांबद्दल मी नर्सबाईंकडून शिकलो. लोकांना पहिल्या महिन्यात रडायला वेळ नसतो. सहा महिन्यांनी, वर्षाने ते वर येतं. कुर्ल्यात एक काकू होत्या, २००५ नंतर कितीतरी वर्षं पावसाचा जोर वाढला की लोखंडी पेटी पलंगावर चढवायच्या, पलंगाखाली विटा लावायच्या आणि रात्रभर दाराच्या उंबऱ्याकडे बघत बसायच्या. त्यांच्या मिस्टरांना त्या पुरात लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा ताप, झाला होता. आमच्यातला एकजण त्यांना म्हणाला, काकू, देवाची इच्छा. त्या काही बोलल्या नाहीत पण पुढचे चार रविवार उपासनेला आल्या नाहीत. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले होते तोपर्यंत ते चांगले मित्र होते, बोलायला लागले तिथे बिघडलं. तुमच्या माणसांना एवढंच शिकवा की बसायचं, चहा घ्यायचा, ऐकायचं. झोप उडालीय, दारू वाढलीय, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येतेय असं दिसलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फाइलवर लिहून ठेवा आणि तालुक्याच्या दवाखान्यात बरोबर जा, तिथे प्रार्थनेवर थांबू नका. आणि वर्षश्राद्धाच्या आठवड्यात, पहिल्या पावसात, नक्की जा. सामान न घेता जा.

आता तुमच्या कमिटीची अडचण. पाळकसाहेबांची बदली होते आणि काम बसतं, हे मी निदान पाच ठिकाणी बघितलंय. नवीन साहेबांना त्या गावाचं नावही माहिती नसतं. म्हणून हे काम त्यांच्या नावावर ठेवू नका. पाच जणांची वेगळी समिती करा, तीन वर्षांची, ठराव वहीत घ्या, त्यात निदान तीन बायका आणि एक तरुण संघाचा. महिन्यातून एक शनिवार ठरवा, ठरलेले दोघंच जातील, दर वेळी नवीन चेहरे नकोत, संडे स्कूलची सहल तर अजिबात नको. हार्वेस्ट म्हणजे चर्चमधल्या हंगामाच्या सणाच्या लिलावातला ठराविक हिस्सा तीन वर्षं या फंडाला असा ठराव आत्ताच करून घ्या, उत्साह आहे तोपर्यंत. ब्लँकेटवाल्यांना नाराज करू नका, त्यांना कोकणात डिसेंबरात रात्री किती गार असतं ते गावात फोन लावून विचारायला सांगा, गरज असेल त्या घरात द्या.

पहिल्या फेरीला बॅनर नको. नर्सबाई, क्लार्क, एक शंभर पानी वही, फाइली, आणि पासबुकं बघायला चष्मा आठवणीने. पहिल्या फेरीनंतर कोणाकडे काय अडलंय ते लिहून कळवा, कागदांचा गुंता असेल तर मला ती पानं दाखवा, मी बसून बघतो.